स्थलदर्शन आणि स्थलनाम : व्हेनिस नगरीचे उदाहरण

स्थलनामांचा अभ्यास सामान्यतः जुने नकाशे, दानपत्रे व महसुली दप्तरे ह्यांच्या आधारे केला जातो. परंतु काही नगरे अशी आहेत की, तेथील नावे दप्तरांत शोधावी लागत नाहीत. ती भिंतीवर लिहिलेली असतात, आणि प्रत्यक्ष स्थळासमोर उभे राहून त्यांचा अर्थ पडताळून पाहता येतो. इटलीतील व्हेनिस हे अशा नगरांपैकी एक प्रमुख नगर होय. कालवे, पूल व प्रासाद पाहण्यासाठी जगभरातून तेथे प्रवासी येतात. ह्या नगरीतील स्थलनामांचे भाषिक स्वरूप काय आहे, आणि सामान्यनाम व विशेषनाम ह्या व्याकरणातील परिचित भेदावर त्यामुळे कोणता प्रकाश पडतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनाचा क्रम प्रवाशाच्या वाटेचाच ठेवला आहे : रेल्वे स्थानकापासून रिआल्तो, तेथून सान मार्कोचा चौक, आणि शेवटी आर्सेनाल.

१. नगर आणि नामफलक

व्हेनिस खाऱ्या पाण्याच्या उथळ खाजणात, शंभराहून अधिक लहान बेटांवर वसले आहे. ही बेटे चारशेहून अधिक पुलांनी जोडलेली आहेत. १८४६ मध्ये रेल्वेचा पूल होईपर्यंत मुख्य भूमीवरून तेथे होडीनेच जावे लागे. मोटारींचा पूल १९३३ मध्ये झाला, आणि मोटारी आजही पुलाच्या टोकाशीच थांबतात. नगराचे सहा विभाग आहेत; प्रत्येकास 'सेस्तिएरे', म्हणजे षष्ठांश, असे म्हणतात. घराच्या पत्त्यात रस्त्याचे नाव आवश्यक नसते. विभागाचे नाव व क्रमांक एवढेच पुरते, आणि क्रमांक विभागभर सलग चालत हजारांच्या घरात जातो. व्हेनिसच्या अधिपतीचा, म्हणजे 'दोजे'चा, जगप्रसिद्ध प्रासाद हा सान मार्को विभागातील क्रमांक १ होय.

पत्त्यासाठी रस्त्याच्या नावाची गरज नसतानाही प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तिचे नाव रंगविलेले आढळते. भिंतीवर चुन्याचा पांढरा आयत, भोवती काळी चौकट व आत काळी अक्षरे, असे ह्या फलकाचे स्वरूप असते. त्यास स्थानिक भाषेत 'नित्सिओलेतो' म्हणतात. हा शब्द अल्पार्थक असून त्याचा अर्थ 'लहान चादर' असा आहे. ह्या फलकांखेरीज मुख्य वाटांवर पिवळ्या पाट्याही आहेत. त्यांवर रिआल्तोकडे, सान मार्कोकडे, स्थानकाकडे अशा दिशा बाणांनी दाखविलेल्या असतात. बहुतेक प्रवासी पिवळी पाटी पाहून पुढे जातो. चादरीवरची अक्षरे वाचण्यासाठी थोडे थांबावे लागते. परंतु नगराचा इतिहास त्या अक्षरांत आहे.

२. जातिवाचक पदे

स्थलनामाचे साधारणतः दोन घटक असतात : स्थळाचा प्रकार सांगणारे जातिवाचक पद, आणि ते विशिष्ट स्थळ कोणते हे सांगणारे विशेषक पद. इटलीतील इतर नगरांत रस्त्याला 'व्हिया' व चौकाला 'पियात्सा' म्हणतात. व्हेनिसमध्ये ही दोन्ही पदे जवळजवळ नाहीत. परंपरेने 'पियात्सा' हे नाव तेथे एकाच चौकाला, सान मार्कोच्या चौकाला, दिले जाते. इतर सर्व चौक 'काम्पो', म्हणजे शेत वा मैदान होत. आज त्यांवर फरशी आहे. परंतु पूर्वी ह्या जागा गवताच्या होत्या, ही आठवण त्या पदाने जपून ठेवली आहे. प्रत्येक मोठ्या काम्पोच्या मध्यभागी दगडी कठड्याची विहीर दिसते. तिला झरा नसतो. फरशीखालच्या वाळूतून गाळून आलेले पावसाचे पाणी तीत साठविले जाई. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचे पाणी येईपर्यंत नगर प्रामुख्याने ह्या विहिरींवर जगले. चहूबाजूंनी पाणी असूनही पिण्याचे पाणी आभाळातून घ्यावे लागणारे हे नगर होते, हे काम्पो पाहताना ध्यानात येते.

लहान काम्पो तो 'काम्पिएलो'. घरांनी वेढलेले अंगण ते 'कोर्ते'. अरुंद गल्ली ती 'काल्ले'; लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ पायवाट असा होता. गल्लीचा फाटा तो 'रामो', म्हणजे फांदी. घराखालून जाणारा बोळ तो 'सोतोपोर्तेगो'. पाण्याच्या कडेने जाणारी वाट ती 'फोंदामेंता', म्हणजे पाया; कारण काठावरील घरांच्या पायाचा दगडी बांध हीच वाट होते. 'सालिझादा' म्हणजे फरसबंद रस्ता. एका काळी फरसबंदी दुर्मिळ होती, म्हणूनच तिचा नावात उल्लेख झाला. आज सगळेच रस्ते फरसबंद आहेत. भेद नाहीसा झाला, नाव उरले.

पाण्याच्या बाबतीतही असेच आहे. परकीय प्रवासी ज्यांना सरसकट कालवे म्हणतो, त्यांपैकी 'कानाल' हे पद नगराच्या अंतर्भागात मोठा कालवा, ज्युदेक्काचा कालवा व कान्नारेज्योचा कालवा अशा मोजक्याच जलमार्गांना लावले जाते. इतर सर्व 'रिओ' होत. रिओ बुजवून केलेला रस्ता तो 'रिओ-तेरा', म्हणजे मातीने भरलेला रिओ. ह्या 'तेरा'चा मराठी संख्यावाचकाशी अर्थातच संबंध नाही. अशा रस्त्यावरून चालणारा मनुष्य वस्तुतः जुन्या जलमार्गावरून चालत असतो. बुजविलेल्या तळ्याच्या जागी 'पिशिना' हे पद आढळते.

ह्या व्यवस्थेत न बसणारी नावे तितकीच बोलकी आहेत. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक नेपोलियनपुढे कोसळले. त्यानंतर १८०७ मध्ये कास्तेल्लो विभागातील एक रिओ बुजवून रुंद रस्ता करण्यात आला. लोकव्यवहाराप्रमाणे तो रिओ-तेरा व्हावयास हवा होता. परंतु राज्यकर्त्यांनी त्यास 'व्हिया' म्हटले, आणि आज तो 'व्हिया गारिबाल्दी' म्हणून ओळखला जातो. इटलीच्या राज्यात विलीन झाल्यावर १८७१ मध्ये जुनी वस्ती पाडून जो सरळ मार्ग काढण्यात आला, तो 'स्त्रादा नोव्हा', म्हणजे नवा रस्ता. रस्ता कोणी काढला हे सांगावयास शिलालेख नसला तरी चालेल. जातिवाचक पदावरूनच राजवट ओळखता येते.

३. संतनामांचे ध्वनिपरिवर्तन

विशेषक पदांमध्ये संतांची नावे सर्वांत अधिक आहेत. मोठ्या कालव्यावरील प्रवासी बोटींच्या थांब्यांत 'सान स्ताए' व 'सान मार्कुओला' ही नावे येतात. पहिला संत म्हणजे एउस्ताकिओ. दुसऱ्या थांब्याजवळील मंदिर एर्माकोरा व फोर्तुनातो ह्या दोन संतांचे आहे. लोकांनी पहिल्याचे नाव घासून 'मार्कुओला' केले व दुसऱ्यास सोडून दिले. जोव्हान्नी व पाओलो ह्या जोडीचे 'सान झानिपोलो' झाले. जेर्व्हाझिओ व प्रोताझिओ ह्यांचे मिळून 'सान त्रोव्हाझो' हे एकच नाव बनले. अशा नावाचा संत पंचांगात कोठेही सापडणार नाही.

ही रूपे अज्ञानातून झालेली अपभ्रष्टे आहेत असे समजणे चुकीचे ठरेल. व्हेनिशियन ही प्रमाण इटालियनपासून निघालेली बोली नव्हे. दोघी लॅटिनपासून स्वतंत्रपणे आलेल्या भगिनी आहेत, आणि व्हेनिशियनचे ध्वनिनियम तिचे स्वतःचे आहेत. 'सान झान देगोला' हे उदाहरण पाहावे. प्रमाण इटालियनमध्ये हा 'जोव्हान्नी देकोल्लातो', म्हणजे शिरच्छेद झालेला संत योहान. 'जो'च्या ठिकाणी 'झ' आला. स्वरांमधील अघोष 'क' घोष होऊन 'ग' झाला. 'ल्ल' ह्या द्वित्ताचा एकच 'ल' राहिला. आणि अन्त्य 'आतो'मधील 'त' लोपून केवळ आघातयुक्त 'आ' उरला. चारही बदल नियमित आहेत व ते इतर शेकडो शब्दांत आढळतात. 'रिओ-तेरा'मधील 'तेरा' हेही शेवटच्या दोन नियमांनीच सिद्ध होते. राजकुल ह्या शब्दातील स्वरमध्यस्थ 'ज' व 'क' प्राकृतात लोपून मराठीत 'राऊळ' कसे झाले, हे ज्यांना परिचित आहे, त्यांना ही प्रक्रिया अपरिचित वाटणार नाही.

फलक रंगविताना ह्यामुळे एक प्रश्न नेहमी उद्भवतो : अक्षरे प्रमाण इटालियनची लिहावयाची की लोकांच्या मुखातील? नगरात दोन्ही आढळतात. काही वेळा एकाच चौकाच्या दोन बाजूंस दोन रूपे दिसतात. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फलक नव्याने रंगविताना काही ठिकाणी द्वित्त व्यंजने घातली गेली, तेव्हा रहिवाशांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. वाद एका अक्षराचा होता. परंतु ते अक्षर बोलणाऱ्याच्या जिभेवर नव्हते, हा आक्षेपाचा गाभा होता.

४. 'गेत्तो' : एका शब्दाचा प्रवास

रेल्वे स्थानकापासून थोड्या अंतरावर, कान्नारेज्योच्या कालव्यापलीकडे, 'गेत्तो' हा भाग लागतो. १५१६ मध्ये प्रजासत्ताकाने ज्यूंना येथे राहण्याची सक्ती केली. सभोवती पाणी होते, आणि रात्री दरवाजे बंद केले जात. जगातील अनेक भाषांत ह्या नावाचा अर्थ आज 'सक्तीने वेगळी ठेवलेली वस्ती' असा आहे. मात्र त्याचे मूळ ज्यूंशी संबंधित नाही. ह्या ठिकाणी पूर्वी तोफा ओतण्याचे कारखाने होते, आणि धातू ओतणे ह्या अर्थाच्या व्हेनिशियन धातूपासून 'जेतो' म्हणजे ओतशाळा हे नाम झाले होते. आरंभीचा 'ज' जाऊन 'ग' आला, तो तेथे प्रथम वसलेल्या जर्मनभाषी ज्यूंच्या उच्चारामुळे, अशी बहुमान्य उपपत्ती आहे.

तेथील तीन फलक एकत्र वाचले असता अर्थपरिवर्तनाचा क्रम स्पष्ट दिसतो. १५१६ ची मूळ ज्यू वस्ती 'नवा गेत्तो' येथे होती. १५४१ मध्ये तिला लागून जो भाग जोडला गेला, त्याचे नाव 'जुना गेत्तो' असे आहे. जुनी वस्ती 'नवी' आणि नवी वस्ती 'जुनी', हा विरोधाभास प्रवाशास गोंधळात टाकतो. परंतु ही विशेषणे वस्तीची नसून ओतशाळांची आहेत : नवी ओतशाळा व जुनी ओतशाळा. १६३३ मध्ये तिसरा भाग जोडला गेला, त्यास 'नवतम गेत्तो' म्हणू लागले. त्या ठिकाणी ओतशाळा कधीच नव्हती. म्हणजे १६३३ पर्यंत 'गेत्तो' ह्याचा अर्थ 'ज्यूंची वस्ती' असा पूर्णपणे बदललेला होता. एका कारखान्याचे सामान्यनाम स्थळाचे विशेषनाम झाले, आणि ते विशेषनाम पुन्हा नव्या अर्थाचे सामान्यनाम होऊन जगभर गेले. कोशकारास ज्यासाठी अनेक ग्रंथ चाळावे लागतील, ते येथे शंभर-दोनशे पावलांत भिंतीवर वाचावयास मिळते.

१७९७ मध्ये ह्या वस्तीचे दरवाजे काढून टाकण्यात आले. पुढे १९४३ व १९४४ मध्ये नगरातील दोनशेहून अधिक ज्यूंना पकडून मृत्युछावण्यांकडे नेण्यात आले. त्यांचे स्मारक ह्याच काम्पोत आहे. शब्दाचा इतिहास सांगताना माणसांचा इतिहास वगळणे योग्य होणार नाही.

५. रिआल्तो, झेक्का आणि 'पुतळी'

पुढे स्त्रादा नोव्हाने रिआल्तोकडे जाता येते. 'रिआल्तो' म्हणजे उंच काठ. नगराची बाजारपेठ ह्या उंचवट्यावर होती. १५८८ ते १५९१ ह्या काळात बांधलेला दगडी पूल पाहावयास येथे नेहमी गर्दी असते. पुलाभोवतालच्या नावांत व्यवसायांची जंत्रीच आहे : सोनारांची ओळ, भाजीबाजार, मासळीबाजार, खाटकांचे काम्पो, पिंपे करणाऱ्यांची गल्ली. सान मार्कोजवळ बाण करणाऱ्यांची 'फ्रेत्सेरिया' व तलवारी करणाऱ्यांची 'स्पादारिया' आहे. बाण व तलवारी करणारे केव्हाच गेले. त्या जागी आज प्रवाशांसाठी वस्तू विकल्या जातात.

पुलाशेजारी जर्मन व्यापाऱ्यांचे 'फोंतेगो' आहे. हा शब्द अरबी 'फुंदुक', म्हणजे व्यापाऱ्यांची सराई, ह्यावरून आला. आणि अरबीने तो ग्रीकमधून घेतला होता. व्हेनिसचा व्यापार कोणाशी होता हे अशा उसन्या शब्दांवरून कळते. सान मार्कोच्या धक्क्यावरील 'झेक्का', म्हणजे टाकसाळ, हा शब्दही असाच. सान्सोव्हिनो ह्या शिल्पज्ञाने सोळाव्या शतकात उभारलेली ही इमारत आज ग्रंथालयाचा भाग आहे. 'झेक्का'चे मूळ अरबी 'सिक्का', म्हणजे नाण्याचा ठसा. तोच शब्द फार्सीच्या मार्गाने मराठीत येऊन 'शिक्का' झाला. एक शब्द पश्चिमेस गेला व दुसरा पूर्वेस, मूळ एकच.

व्हेनिसचे सोन्याचे नाणे, 'दुकात', १२८४ मध्ये निर्माण झाले. पुढे त्यास 'झेक्किनो' म्हणू लागले. सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे हे नाणे प्रजासत्ताकाच्या अंतापर्यंत फारसा बदल न होता पाडले जात होते. मसाल्यांच्या व्यापारातून ते इजिप्त व तांबड्या समुद्रावाटे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येई. त्याच्या एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला दोजे व दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची उभी मूर्ती असे. महाराष्ट्रात ह्या मानवाकृतींवरून त्यास 'पुतळी' हे नाव पडले. पेशवेकालीन कागदपत्रांत पुतळ्यांचा उल्लेख येतो, आणि स्त्रियांच्या गळ्यातील 'पुतळ्यांची माळ' ह्याच नाण्यांची. दोजे कोण, संत कोण हे येथे कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सोने खरे होते व आकृती दिसत होती. भाषेने जे दिसले त्यास नाव दिले.

रिआल्तोच्या बाजारात हस्तलिखित वार्तापत्रे फिरत असत. सोळाव्या शतकात 'गाझेता' नावाचे लहान नाणे होते. ते देऊन मिळणाऱ्या पत्रासही 'गाझेता' म्हणू लागले, अशी सर्वसाधारण मान्यता आहे. इंग्रजीच्या द्वारे आलेला आपल्याकडील 'गॅझेट' हा शब्द त्याचाच वंशज होय.

६. धक्का आणि आर्सेनाल

दोजेच्या प्रासादापासून पूर्वेकडे जाणारा रुंद धक्का म्हणजे 'रिव्हा देल्यी स्क्याव्होनी', स्लाव लोकांचा धक्का. दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील स्लाव व्यापारी येथे नौका लावीत. 'स्लाव' ह्या वंशवाचक नामापासूनच मध्ययुगात 'गुलाम' हा अर्थ निष्पन्न झाला. व्हेनिशियनमध्ये 'मी आपला दास' अशा अर्थी वापरले जाणारे अभिवादन झिजत झिजत 'चाओ' झाले. धक्क्यावर परस्परांना 'चाओ' म्हणणाऱ्या प्रवाशांच्या मुखात, त्यांच्या नकळत, त्या धक्क्याचेच नाव असते.

धक्क्यावरून पुढे आर्सेनालचे महाद्वार येते. बाराव्या शतकापासून येथे प्रजासत्ताकाच्या नौका बांधल्या जात. दान्ते ह्या कवीने आपल्या नरकवर्णनात येथील उकळत्या डांबराचा दृष्टान्त दिला आहे. ह्याचेही मूळ अरबी : 'दार अस्-सिनाआ', म्हणजे निर्मितीचे घर. अरबीतील हे सामान्यनाम व्हेनिसमध्ये विशेषनाम झाले आणि तेथून 'शस्त्रागार' ह्या अर्थाने युरोपच्या भाषांत सामान्यनाम म्हणून पसरले. समुद्राकडील वाळूच्या पट्ट्याचे 'लिदो' हे नाव, त्याचप्रमाणे खाजणातील एका बेटावर १४२३ मध्ये स्थापन झालेल्या रोगनिवारण केंद्रावरून रूढ झालेले 'लाझारेत्तो' हे नाव, ह्यांचाही प्रवास असाच आहे. जहाजांना चाळीस दिवस अलग ठेवण्याच्या प्रथेचा 'क्वारंटाइन' हा शब्द तर २०२० मध्ये मराठी घराघरांत पोचला.

७. उपसंहार

वरील उदाहरणांत एक दिशा स्पष्ट दिसते : व्हेनिसची विशेषनामे जगात जाऊन सामान्यनामे झाली. परंतु आज नगरात ह्याच्या उलट दिशेची प्रक्रिया चालू आहे, आणि तिची नोंद घेणे अगत्याचे आहे.

१९५१ मध्ये ह्या ऐतिहासिक नगरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५०,००० च्या खाली गेली. येणाऱ्या प्रवाशांची वार्षिक संख्या मात्र कोटींत मोजावी लागते. २०२४ च्या एप्रिलपासून काही ठरावीक दिवशी, केवळ दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ झाला. घरे प्रवाशांच्या निवासासाठी दिली जातात, आणि कामकरी माणूस मुख्य भूमीवर राहावयास जातो.

व्हेनिशियन भाषा ह्यामुळे नष्ट होईल असे नव्हे. मुख्य भूमीवर ती लाखो लोक बोलतात, आणि दक्षिण ब्राझीलमध्ये स्थलांतरितांच्या वंशजांत तिच्याशी निकटचे नाते असलेली भाषा टिकून आहे. परंतु मुख्य भूमीवर रिओ नाही, म्हणून रिओ-तेरा नाही. पाण्यातून उभ्या राहिलेल्या घरांचे पाये नाहीत, म्हणून फोंदामेंताही नाही. हे शब्द ज्या वस्तूंचे, त्या वस्तू ह्या एकाच नगरात आहेत. 'काम्पोत खेळावयास जा' असे मुलाला सांगणारी आई जोवर तेथे राहते, तोवर 'काम्पो' हे सामान्यनाम असते : त्याला वचने असतात, त्यापासून अल्पार्थक होते, बोलणारा ते दुसऱ्या नव्या जागेला लावू शकतो. ती आई निघून गेली की तेच पद फलकावरचे विशेषनाम होते. ते वाचता येते, त्याचे छायाचित्र घेता येते. पण त्यापासून नवे काही घडत नाही.

जोझेप्पे बोएरिओ ह्यांचा व्हेनिशियन कोश १८२९ मध्ये व जोझेप्पे तास्सिनी ह्यांचा रस्त्यांच्या नावांवरील ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नोंदविलेले बहुतेक शब्द भिंतींवर आजही शाबूत आहेत, आणि फलक पुसट झाले तर पुन्हा रंगविलेही जातील. स्थलनाम टिकविण्यास चुना व काळा रंग पुरतो. सामान्यनाम टिकविण्यास मात्र त्या स्थळी राहणारी व रोजच्या व्यवहारात ते उच्चारणारी माणसे लागतात, आणि त्यांची संख्या दरवर्षी कमी होत आहे.